सोलर शेजारी असूनही लाईट का जाते? स्मार्ट ग्रिडकडून नेमकं काय मागायचं

प्रश्न बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: गावाशेजारी सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प सुरू झाला, पंपांना दिवसा वीज मिळू लागली. पण वरच्या लाईनवर ट्रिपिंग आलं की भर उन्हात सोलरही बंद. संध्याकाळी गावठाणात व्होल्टेज इतकं उतरतं की पंखा ढिम्म हलत नाही. आणि आता घरोघरी नवे मीटर बसतायत. स्मार्ट ग्रिड म्हणतात ते हेच का, आणि आम्हाला त्यातून काय मिळणार?

माझी नोकरी आधी पारेषणात आणि नंतर वितरणात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. ग्रिड म्हणजे वीजकेंद्रं, तारा आणि ग्राहक यांना जोडणारं जाळं, आणि ते मोजून-पाहून स्वतःला सावरू लागलं की स्मार्ट. थेट सांगायचं तर मीटर हा स्मार्ट ग्रिडचा सगळ्यात डोळ्यात भरणारा भाग आहे, सगळ्यात गरजेचा नाही. तुमची पहिली तक्रार सोलरच्या इन्व्हर्टरशी (पॅनेलची डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्राशी) निगडित आहे, दुसरीचं मूळ तुमच्या डीपीत (गावातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) आणि सबस्टेशनात आहे. आणि या दोन्हींच्या वर एक मोठा प्रश्न आहे: वीज कधी तयार होते आणि कधी लागते. तिथूनच सुरुवात करतो.

तुम्ही पंपाचं बटण दाबलंत की त्याच क्षणी कुठल्या तरी वीजनिर्मिती संचाला तेवढी जास्त वीज द्यावी लागते. बॅटऱ्या आल्या आहेत, पण राज्याच्या मागणीपुढे त्या अजून किरकोळ आहेत. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर चढ लागल्यावर बैलांची चाल मंदावते तशी सगळ्या जनित्रांची चाल एकदम मंदावते. ती चाल म्हणजेच फ्रिक्वेन्सी, आपल्याकडे ५० हर्ट्झ. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिडही बाकी देशाच्या चालीत आलं. म्हणजे सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला तो तुमच्या जिल्ह्यातून. आता चंद्रपूरचा संच अडखळला तर त्याची जाणीव हिमाचलातल्या टर्बाइनलाही होते.

ही फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असा नियम आहे. आज तो बऱ्यापैकी पाळला जातो, पण एके काळी ४८ च्या आसपास रेंगाळणारी फ्रिक्वेन्सी आम्ही रोज पाहायचो. सुधारणा कशाने झाली? नव्या यंत्रांच्या आधी पैशाच्या नियमाने. २००२ च्या जुलैत पश्चिम विभागात देशात पहिल्यांदा अशी पद्धत आली, की कबूल केल्यापेक्षा जास्त वीज ओढलीत आणि त्या वेळी फ्रिक्वेन्सी कमी असेल, तर दर चढा लागेल. हिशोब पंधरा-पंधरा मिनिटांचा, दिवसाचे ९६ तुकडे. राज्यं बघता बघता शिस्तीला लागली. यंत्रं नंतर आली. २०२२ पासून देशभर सुरू झालेल्या स्वयंचलित नियंत्रणात दिल्लीहून दर चार सेकंदांनी वीजकेंद्रांना 'थोडं वाढव, थोडं कमी कर' असे संदेश जातात. पूर्वी हे काम फोनवर चालायचं. राज्याचं भार नियंत्रण केंद्र कळव्याला, त्यामुळे 'कळव्याहून फोन आहे' म्हटलं की शिफ्टमधला माणूस हातातला चहा खाली ठेवायचा.

संतुलन म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायचं झालं तर मी ५ एप्रिल २०२० ची रात्र सांगतो. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद ठेवा असं आवाहन होतं. लॉकडाऊनमुळे कारखाने बंदच होते, म्हणजे होता तो भार बहुतेक घरांचाच. अंदाज होता १२ ते १३ हजार मेगावॉट कमी होण्याचा, प्रत्यक्षात देशाची मागणी साधारण ३१ हजार मेगावॉटने घसरली आणि दिवे लागताच पुन्हा वर गेली. एवढी घसरण आणि चढण कोळशाच्या संचाला झेपत नाही, त्याचा बॉयलर तापायला आणि निवायला वेळ घेतो. ती रात्र निभावली पाण्याने. देशभरातले जलविद्युत संच आधी पूर्ण भारावर चालवून ठेवले, नऊच्या सुमारास १७ हजार मेगावॉटहून जास्त खाली आणले आणि लगेच परत चढवले. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या मध्ये राहिली. आमच्या क्षेत्रातली माणसं त्या नऊ मिनिटांबद्दल अजून बोलतात.

ती एका रात्रीची कसरत होती. आता सौरऊर्जेमुळे तसाच प्रकार, जरा सावकाश, रोज होतो. दुपारी बारा-एकला सोलर भरात असतं, तेव्हा कोळशाचे संच खाली आणावे लागतात. पण साधारण ५५ टक्क्यांच्या खाली ते नेणं अवघड. पूर्ण बंदही करता येत नाहीत, कारण संध्याकाळी सातला तेच लागणार. सूर्य मावळतो, घराघरांत दिवे, टीव्ही, एसी लागतात आणि दोन-तीन तासांत प्रचंड चढण येते. महाराष्ट्रात ही चढण चढायला कोयना आहे: सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट, त्यातले १,००० एकट्या चौथ्या टप्प्याचे, आणि संच काही मिनिटांत चालू. अडचण एवढीच की कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्यामुळे कोयनेचं पाणी दुपारी उडवणं म्हणजे उधळपट्टी, ते संध्याकाळसाठीच राखायचं. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. खालच्या धरणातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवायचं आणि गरज पडली की सोडायचं. अशा प्रकल्पांत पाणी रात्री, मागणी उतरल्यावर चढवायचं हा जुना शिरस्ता. आता दुपारी चढवणं परवडू लागलंय. माझ्या मते येत्या काळात महाराष्ट्राला सगळ्यात जास्त उपयोग अशा प्रकल्पांचा होईल. सह्याद्रीचा उतार आपल्याकडे आयता आहे.

आता तुमच्या सोलरकडे येतो. लोकांना वाटतं, प्रकल्प गावात आहे म्हणजे गावाची वीज स्वतंत्र झाली. तसं नसतं. तो प्रकल्प ३३/११ केव्ही सबस्टेशनच्या ११ केव्ही बाजूला जोडलेला असतो आणि त्याचे इन्व्हर्टर ग्रिडची फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज पाहून त्यांच्या मागे चालतात. पुढे चालायला कुणी नसेल तर ते थांबतात. हे मुद्दाम केलेलं आहे, आणि पहिलं कारण वायरमन. लाईन बंद समजून तो खांबावर चढला आणि सोलर मागून वीज ढकलत राहिलं तर माणूस जातो. दुसरं कारण पंप. पाच एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह मागते, तेवढा देण्याची ताकद साध्या इन्व्हर्टरमध्ये नसते. ग्रिड नसतानाही स्वतःची फ्रिक्वेन्सी उभी करणारे इन्व्हर्टर आता मिळतात. सोबत बॅटरी असेल तर एक सबस्टेशन काही काळ आपलं आपण चालवता येतं. स्मार्ट ग्रिडच्या नावाखाली काही मागायचंच असेल तर पुढच्या टप्प्यात हे मागा. खर्चिक आहे, म्हणून सगळीकडे लगेच होणार नाही.

वरच्या लाईनवर ट्रिपिंग का येतं, हा वेगळा विषय. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही त्यात ओढले गेले आणि साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. दोन्ही दिवशी सुरुवात बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या लाईनवरून झाली. गंमत म्हणजे, गंमत म्हणू नये खरं तर, तिथे तार तुटली नव्हती की झाड पडलं नव्हतं. भार इतका वाढला होता आणि व्होल्टेज इतकं उतरलं होतं की रिलेला (दोष दिसला की लाईन कापणाऱ्या यंत्राला) तो दूरचा दोष वाटला आणि त्याने लाईन कापली. मग शेजारच्या लाईनींवर भार गेला, त्याही सुटल्या. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर आकडे काही सेकंदांनी बदलत होते आणि घटना त्याहून वेगाने घडत होत्या.

हे वेगाने पाहण्याचं यंत्र म्हणजे पीएमयू, फेजर मेजरमेंट युनिट. उपग्रहाच्या घड्याळाशी वेळ जुळवून ते सेकंदाला पंचवीस किंवा जास्त वेळा मोजणी पाठवतं, त्यामुळे सोलापूर आणि रायचूर इथल्या व्होल्टेजच्या लाटा एकमेकींपासून किती अंशांनी सरकल्या आहेत ते त्या क्षणी दिसतं. १९८८ मध्ये पहिलं पीएमयू अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये तयार झालं, आणि त्यामागे जेम्स थॉर्प यांच्याबरोबर नाव आहे अरुण फडके यांचं, मूळचे ग्वाल्हेरचे. ज्या गावाच्या लाईनवरून २०१२ चा अंधार सुरू झाला त्याच गावचा माणूस त्यावरचं औषध पाव शतक आधी करून बसला होता. आपण ते देशभर बसवायला घेतलं ते २०१२ नंतर.

मुंबईचं १२ ऑक्टोबर २०२० चं प्रकरण थोडक्यात: बाहेरून वीज आणणाऱ्या लाईनी एकामागून एक गेल्या आणि शहराला आपलं आपण तगवणारी आयलँडिंग यंत्रणा टिकली नाही. तिथे नुसत्या हुशार यंत्रणेने भागलं नसतं. शहरात वीज आणायला जादा वाट हवी होती. खारघर–विक्रोळी लाईन २०२३ मध्ये आली. तारच नसेल तर सॉफ्टवेअर काय करणार, हे या क्षेत्रातल्या नव्या मुलांना मी आवर्जून सांगतो.

आता शेती. महाराष्ट्रात विजेचं संतुलन साधायचं सगळ्यात मोठं साधन कृषिपंप आहे, आणि हे मी संगणकाच्या कुठल्याही यंत्रणेच्या आधी ठेवतो. भारनियमनाच्या काळात आम्ही सिंगल फेजिंग करायचो: तीनपैकी एकच फेज चालू ठेवायची, म्हणजे घरात दिवा लागेल पण पंप चालणार नाही. त्यावर लोकांनी कंडेन्सर लावून एका फेजवर पंप चालवायचे उपाय शोधले, मोटरी जाळल्या, डीपी जाळले. मग गावठाण आणि शेतीचे फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या लाईनी, वेगळे केले. दिसायला साधं काम, खांब आणि तारांचं. पण त्याने पहिल्यांदा गावाच्या दिव्याला हात न लावता शेतीचा भार हव्या त्या वेळी सरकवता येऊ लागला. शहरात हाच विचार २००६ मध्ये पुण्यात झाला. उद्योगांनी गर्दीच्या तासांत स्वतःची जनित्रं चालवून ग्रिडवरचा भार उतरवला, त्याचा जादा खर्च शहराच्या वीजबिलात वाटला गेला आणि पुण्याचं भारनियमन थांबलं. आज परिषदांमध्ये 'मागणी प्रतिसाद' म्हणून जे मोठ्या थाटात मांडतात, ते आपण डिझेलच्या धुरात करून बसलोय.

शेतीचा भार सरकवायचा म्हणजे तेव्हा तो रात्री सरकवायचा, कारण रात्री मागणी कमी. त्याची किंमत शेतकऱ्याने दिली: थंडीत, साप-विंचवांत, काही भागांत बिबट्याच्या भीतीत रात्रीचं पाणी धरून. सौर कृषी वाहिनी २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात तिला खरा वेग आला. तिने हे गणित उलटं केलं. दुपारी सोलर भरपूर, पंपही दुपारी, आणि दोन्ही एकाच सबस्टेशनवर. म्हणजे वीज लांबून आणायची गळतीही वाचते. मला विचाराल तर या राज्यातलं सगळ्यात मोठं स्मार्ट ग्रिडचं काम हेच, आणि त्यातलं बहुतेक यश तुम्ही मीटर न बघता मिळवलंय.

पण त्यातही एक खाच आहे, आणि ती तुमच्या डीपीवर दिसते. समजा १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीचे वीस पंप आहेत. एक पंप चालताना फेजला सात-साडेसात अँपिअर ओढतो, म्हणजे वीस पंपांचे दीडशेच्या घरात. डीपीची क्षमता जवळजवळ तेवढीच, म्हणजे तो आधीच काठावर. आता बहुतेकांनी स्टार्टरला ऑटोस्विच लावलाय, लाईट आली की पंप आपोआप सुरू. वरून ट्रिपिंग येऊन लाईट गेली आणि दहा मिनिटांनी आली, की वीसच्या वीस मोटरी एकाच झटक्यात उठतात आणि आठशे अँपिअरच्या आसपास मागतात. व्होल्टेज कोसळतं. कोसळलेल्या व्होल्टेजवर मोटर वेग घेत नाही, म्हणून तो मोठा प्रवाह एरवीपेक्षा जास्त वेळ टिकतो. फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी कुणी जाडी तार गुंडाळली असेल तर फ्यूज उडत नाही, डीपीचं वाइंडिंग जातं. त्यात भर म्हणजे ग्रिड आल्यावर सोलरचे इन्व्हर्टर सगळं स्थिर झालंय का ते पाहत काही मिनिटं थांबतात. म्हणजे सगळे पंप उठतात त्या वेळी सोलर हजरच नसतं, सगळा झटका एकट्या सबस्टेशनवर. मग फीडर पुन्हा ट्रिप, आणि गावात चर्चा अशी की सोलर आल्यापासून लाईट जास्त जाते.

याला उपाय दोन, आणि दोन्ही स्वस्त. ऑटोस्विच काढा, नाहीतर त्यात वेळ लांबवणारा टायमर घाला आणि प्रत्येकाने वेगळी वेळ लावा, कुणी दोन मिनिटं, कुणी पाच, कुणी दहा. आणि स्टार्टरला कपॅसिटर जोडा, पाच एचपीला २ केव्हीएआर. मोटर जो बिनकामाचा प्रवाह ओढते त्यातला बराचसा जागच्या जागी भागतो, डीपीवरचा भार आणि तारेतली गळती दोन्ही उतरतात. वीज कंपनी वर्षानुवर्षं हे सांगत आलीय, आपण वर्षानुवर्षं ऐकून सोडून देतोय.

संध्याकाळच्या व्होल्टेजचं कारण वेगळं. घरी २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मिळायला हवं. दुपारी सोलर सबस्टेशनपाशी व्होल्टेज वर ढकलतं. ते फार चढू नये म्हणून ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज वर-खाली करायची सोय, खाली ठेवला जातो. संध्याकाळी सोलर गेलं, घरांचा भार आला, आणि टॅप दुपारचाच राहिला, तर शेवटच्या घरी काय उरणार? खेड्यातल्या सबस्टेशनांत टॅप बदलणं बरेचदा ऑपरेटरच्या हातावर असतं. तो स्वयंचलित करणं आणि ११ केव्हीवर कपॅसिटर बँक वेळेनुसार चालू-बंद करणं हे काम सोलर प्रकल्पाबरोबरच व्हायला हवं होतं. माझी या सगळ्या योजनेवरची मुख्य टीका हीच आहे.

दुसरं कारण गावातलंच. नवीन घर झालं की जोडणी हाताला येईल त्या फेजवर होते. दहा वर्षांत एका फेजवर साठ घरं आणि दुसरीवर वीस, असं होऊन बसतं. मग एका आळीत १९० आणि शेजारच्या आळीत २४०. डीपीपाशी न्यूट्रल ढिला असेल तर एका आळीत टीव्ही लागत नाही आणि दुसरीत जळतो.

आता मीटर. केंद्राच्या २०२१ च्या योजनेत ग्राहक, डीपी आणि फीडर अशा तिन्ही ठिकाणी मीटर धरले आहेत. आपल्याकडे घरच्या मीटरवरून गदारोळ झाला, २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड नको असं सरकारने जाहीर केलं, आणि आता बसतात ते टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे, बिल पूर्वीसारखंच नंतर. त्याचा फायदा नाही असं नाही: जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापराला युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू झाली. गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर दिवसा लावा, थोडं बिल वाचेल आणि ग्रिडची संध्याकाळही थोडी हलकी होईल. मात्र दिवसभर कामावर असणाऱ्या जोडप्याला याचा काय उपयोग, हा प्रश्न रास्तच आहे.

माझा आग्रह क्रमाबद्दल आहे. आधी डीपीवर मीटर, मग घरात. डीपीवरचं मीटर दर पाव किंवा अर्ध्या तासाला तिन्ही फेजचा प्रवाह आणि व्होल्टेज पाठवतं. कोणती फेज लादलेली आहे, डीपी किती वाजता काठावर येतो, न्यूट्रल ढिला होतोय का, तारेवर टाकलेले चोरीचे आकडे किती आहेत, सगळं त्यातून निघतं, आणि कुणाच्या घरात काय चाललंय हे पाहायची गरज पडत नाही. ज्या डीपीचा भार कागदावर ७० टक्के आणि प्रत्यक्षात १३० टक्के आहे, तो पावसाळ्याआधी बदलता येतो, जळाल्यावर ट्रॅक्टरमध्ये घालून तालुक्याला न्यायची वेळ येत नाही. अर्थात मीटर आकडे पाठवतं, ते उघडून बघणारा माणूस शाखा कार्यालयात लागतो. एकेका वायरमनकडे चार-पाच गावं असताना आकडे कितीही आले तरी खांबावर चढणार कोण?

तुम्ही आज काय करू शकता ते सांगतो. 'व्होल्टेज कमी येतं' असा मोघम अर्ज देऊ नका. गावात पिठाची गिरणी असेल तर तिथे तीन फेज असतात. गिरणीवाल्याला विचारून त्याच्या बोर्डावरच्या मीटरवर रोज सात, आठ आणि नऊ वाजता तिन्ही फेजचं व्होल्टेज बघून आठवडाभर वहीत लिहा. गिरणी नसेल तर तीन वेगवेगळ्या आळीतल्या घरांतून घ्या. डीपीची पेटी उघडायला जाऊ नका, ते काम वायरमनचं. अर्जात डीपीचा क्रमांक लिहा, वहीतले आकडे जोडा आणि मागण्या स्पष्ट मांडा: फेजवरचा भार समान वाटणं, न्यूट्रल आणि अर्थिंगची तपासणी, सबस्टेशनच्या टॅपची संध्याकाळची स्थिती, आणि डीपीवरचं मीटर बसलं असेल तर त्याच्या नोंदी. आळीत फरक दिसला तर पहिली मागणी महिन्याच्या आत होण्यासारखी आहे, त्याला नवीन साहित्य लागत नाही. अर्ज शाखा कार्यालयात द्या, प्रत उपविभागाला द्या, आणि दोन्ही ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्या.